विश्लेषण : जुने घर घ्या, नवे करून विका… नोकरी सांभाळून हा नफा खरेच हाती लागतो का?

मोबाइलवर दिवसातून एकदा तरी अशी चित्रफीत समोर येते. आधी पोपडे निघालेल्या भिंती, काळवंडलेला ओटा, गळका नळ. आणि अर्ध्या मिनिटात तेच घर पांढरे, उजळ, नवे. खाली मजकूर असतो, 'इतक्या लाखांत घेतले, इतक्या लाखांत विकले'. पुणे, ठाणे, नवी मुंबई, नाशिकमधील अनेक नोकरदार पगाराला जोड म्हणून आता या मार्गाचा विचार करू लागले आहेत. मात्र चित्रफितीत मुद्रांक शुल्क दिसत नाही, नऊ महिन्यांचे व्याज दिसत नाही आणि कर तर अजिबात दिसत नाही. या सगळ्यांचा हिशेब मांडल्यावर काय उरते, आणि दिवसाचे नऊ-दहा तास कार्यालयात घालवणाऱ्याला हे कितपत जमते, याचा आढावा.

'हाऊस फ्लिपिंग' म्हणजे काय?

पडक्या किंवा दुर्लक्षित अवस्थेतील घर कमी किमतीत घ्यायचे, कमीत कमी वेळात दुरुस्त करायचे आणि बाजारभावाने किंवा त्याहून थोडे चढ्या भावाने विकायचे, याला अमेरिकेत 'फ्लिपिंग' म्हणतात. तिथे यावर दूरचित्रवाणी मालिका चालतात. या व्यवसायात तिथे ७० टक्क्यांचा एक ठोकताळा वापरतात. दुरुस्तीनंतर घर जितक्याला विकले जाईल, त्याच्या ७० टक्के रकमेतून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा आणि उरेल त्याहून अधिक किंमत घराला द्यायची नाही. उरलेल्या ३० टक्क्यांत व्याज, दलाली, शुल्क, कर आणि नफा बसवायचा.

आपल्याकडे शहरांत इतक्या स्वस्तात घर मिळणे दुर्मीळ. सदनिका जुनी असली तरी मालकाला त्या भागातील प्रति चौरस फुटाचा भाव तोंडपाठ असतो. 'घर खराब आहे' म्हणून तो पाच-सात टक्के सोडेल, तीस टक्के सोडणार नाही. म्हणूनच परदेशातील ठोकताळे जसेच्या तसे इथे आणले की पहिल्याच व्यवहारात गणित चुकते.

महाराष्ट्रात सुरुवातीलाच किती खर्च येतो?

महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क हा सर्वांत मोठा आणि परत न मिळणारा खर्च आहे. मुंबईत मेट्रो अधिभारासह ते ६ टक्के, तर पुणे शहरात स्थानिक संस्था अधिभार आणि मेट्रो अधिभार धरून ७ टक्के पडते. केवळ महिलेच्या नावे निवासी घर घेतल्यास एक टक्का सवलत मिळते. पूर्वी ही सवलत घेतलेल्या महिलेला १५ वर्षे पुरुष खरेदीदाराला घर विकता येत नव्हते. ही अट २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली. नोंदणी शुल्क एक टक्का असले तरी त्याची कमाल मर्यादा ३० हजार रुपये आहे.

याखेरीज दलाली, वकिलाकडून घ्यायचा शोध अहवाल, कर्जाचे प्रक्रिया शुल्क आणि सोसायटीचे हस्तांतरण अधिमूल्य येते. महापालिका क्षेत्रात या अधिमूल्याची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे. 'स्वेच्छा देणगी'च्या नावाखाली त्याहून जास्त रक्कम मागण्याचा सोसायटीला अधिकार नाही.

बँकेचे कर्जही पूर्ण रकमेवर मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी घराच्या किमतीच्या कमाल ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के रक्कम कर्ज म्हणून मिळू शकते. मुद्रांक आणि नोंदणी शुल्क हे या किमतीत सहसा धरले जात नाहीत. म्हणजे ही रक्कम खिशातूनच काढावी लागते.

एका व्यवहाराचा हिशेब कसा मांडायचा?

समजा, पुण्यात २५ वर्षे जुन्या इमारतीतील दोन शयनगृहांची सदनिका ७० लाख रुपयांना घेतली आणि नऊ महिन्यांत विकायचे ठरवले. गृहकर्जाचा दर ८.५ टक्के, दलाली दोन्ही वेळा एक टक्का धरली, तर आकडे असे येतात.

खरेदी किंमत : ७० लाख
मुद्रांक शुल्क, ७ टक्के : ४ लाख ९० हजार
नोंदणी शुल्क : ३० हजार
खरेदीची दलाली : ७० हजार
हस्तांतरण अधिमूल्य, वकील, इतर : ५० हजार
नूतनीकरण : ८ लाख
अनपेक्षित कामांसाठी राखीव : १ लाख
५६ लाखांच्या कर्जावर नऊ महिन्यांचे व्याज : सुमारे ३ लाख ५७ हजार
देखभाल शुल्क, मालमत्ता कर, वीज : ४० हजार

बेरीज होते ८९ लाख ३७ हजार रुपये. विकतानाची दलाली धरली, तर घर सुमारे ९० लाख ३० हजारांना विकले गेले तरच मुद्दल वसूल होते. म्हणजे नफ्याचा पहिला रुपया दिसण्यासाठी खरेदी किमतीपेक्षा २९ टक्के जास्त भाव मिळायला हवा.

आता समजा घर ९५ लाखांना विकले गेले. दलाली वजा जाता हाती ४ लाख ६८ हजार उरतात. हा करपूर्व नफा. पगारामुळे मालक ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकरासह ३१.२ टक्के दराने कर लागेल. व्याजाची वजावट मान्य झाली तर कर सुमारे १ लाख ५८ हजार, न झाली तर सुमारे २ लाख ७० हजार. म्हणजे शेवटी हाती राहतात दोन ते तीन लाख रुपये. त्यासाठी ३३ लाखांच्या आसपास स्वतःची रक्कम गुंतलेली असते. तेवढीच रक्कम साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत नऊ महिने ठेवली असती, तर काहीही न करता करपूर्व दीड लाखाहून थोडे अधिक व्याज मिळाले असते.

इथे '२५ लाखांचा फायदा झाला' असे सांगणारा खोटे बोलत नसतो. ७० लाखांना घेतले आणि ९५ लाखांना विकले, हे खरेच असते. मधले रकाने तो वाचत नाही, इतकेच.

उशीर झाला तर काय होते?

वरच्या उदाहरणात कर्जाचा मासिक हप्ता, २० वर्षांची मुदत धरल्यास, सुमारे ४८ हजार ६०० रुपये येतो. त्यातील मुद्दल कर्जखात्यात जमा होते, पण सुरुवातीच्या काळात व्याजाचा वाटाच सुमारे ३९ हजार ६०० रुपये असतो. देखभाल खर्च धरला तर दर महिन्याचा उशीर साधारण ४४ हजारांना पडतो. नऊऐवजी बारा महिने लागले, तर १ लाख ३२ हजार रुपये गेले. हाती राहणाऱ्या दोन-तीन लाखांतला अर्धा भाग इथेच संपतो.

उशिराची कारणे फार नाट्यमय नसतात. होळी, गणपती, दिवाळी किंवा निवडणुका आल्या की कारागीर गावी जातात. पावसाळ्यात प्लास्टर आणि रंग वाळायला वेळ लागतो. घर तयार झाले आणि नेमका पितृपक्ष लागला, की पाहायला येणारे लोकही टोकन द्यायला तयार नसतात. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया किंवा दसऱ्याच्या आधी घर दाखवण्याजोगे व्हावे, अशा बेताने उलटे दिवस मोजून खरेदी करणारे म्हणूनच फायद्यात राहतात. खरेदीदार मिळाल्यावरही त्याच्या कर्जमंजुरीला आणि कागदपत्रांना काही आठवडे जातात. तोवर हप्ता विक्रेत्याच्याच खात्यातून जातो.

नोकरदाराची खरी अडचण कोणती?

पैशाइतकीच मोठी अडचण घड्याळाची असते. बहुतांश सोसायट्यांत ठोकाठोकीच्या कामाला सकाळी दहा ते सायंकाळी सहा अशी परवानगी असते. दुपारी दोन ते चार शांतता आणि रविवारी काम बंद. म्हणजे कारागीर ज्या वेळेत काम करतात, त्या वेळेत मालक कार्यालयात असतो. आणि मालकाला सुट्टी असते, त्या दिवशी काम बंद असते.

नूतनीकरणात दिवसाला पाच-सहा लहान निर्णय घ्यावे लागतात. नळ किती उंचीवर घ्यायचा, जुनी मोरी फोडली तर खाली गंजलेला पाइप निघाला, तो बदलायचा का, फरशीचा सांधा दाराशी कुठे घ्यायचा. फोनवर 'तुम्हीच बघा' असे उत्तर मिळाले की गवंडी त्याला सोयीचे ते करतो. संध्याकाळी मालक येऊन पाहतो तेव्हा सिमेंट घट्ट झालेले असते. फोडून पुन्हा करायचे, तर साहित्य, मजुरी आणि दोन दिवस जातात.

यावर दोन मार्ग दिसतात. पहिला, पूर्ण काम साहित्यासह एकाच ठेकेदाराला देणे. यात डोकेदुखी कमी, पण ठेकेदाराचा नफा आणि नोंदणीकृत ठेकेदार असल्यास १८ टक्के वस्तू व सेवा कर वाढतो. दुसरा, साहित्य स्वतः आणून मजुरी वेगळी देणे. हे स्वस्त वाटते, पण गवंडी, प्लंबर, वायरमन, सुतार आणि रंगारी यांची वेळ जुळवण्याचे काम मालकावर येते. प्लंबर दोन दिवस उशिरा आला की फरशीवाला दुसऱ्या कामावर निघून जातो आणि पुढे दोन आठवडे सापडत नाही. घरात निवृत्त आई-वडील किंवा दिवसा वेळ देऊ शकणारे कोणी असेल, तरच दुसरा मार्ग झेपतो. त्यांच्या वेळेची किंमत मात्र हिशेबात कुठेच धरली जात नाही.

रजांचेही तसेच. खरेदी आणि विक्रीच्या वेळी दुय्यम निबंधक कार्यालय, बँकेच्या दोन-तीन फेऱ्या, सोसायटीची बैठक, साहित्य निवडणे या सगळ्याला आठ-दहा दिवस सहज जातात. वर्षाच्या अर्जित रजेचा मोठा हिस्सा एका व्यवहारात संपतो.

काम कोणत्या क्रमाने व्हायला हवे?

तोडफोड, मग भिंतीत खाचा पाडून पाइप आणि वायरिंग, मग न्हाणीघरांचे जलरोधक काम, प्लास्टर, फरशी, छताचे काम, सुतारकाम, रंग आणि सर्वांत शेवटी नळ, दिवे, पंखे. हा क्रम मोडला की एकाचे काम दुसरा खराब करतो. रंग झाल्यावर सुताराने रंधा चालवला, तर रंग पुन्हा काढावा लागतो.

काही थांबे घाई करूनही टाळता येत नाहीत. न्हाणीघराचा कोबा झाल्यावर त्यात पाणी भरून किमान २४ ते ४८ तास ठेवायचे आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत पाहायचे. प्लास्टरला आठवडाभर पाणी मारायचे आणि ते पूर्ण वाळल्यावरच पुट्टी लावायची. दिवसा उपस्थित नसलेल्या मालकाने निदान तीन वेळा तरी जागेवर असायलाच हवे : पाइप बुजवण्याआधी, कोब्यातील पाण्याच्या चाचणीच्या वेळी आणि फरशीची पहिली ओळ लावताना. बुजवण्याआधी भिंतीतील पाइप आणि वायरींचे फोटो काढून ठेवले, तर पुढे खिळा ठोकतानाही उपयोगी पडतात.

पैसे देण्याची पद्धतही याच थांब्यांशी जोडलेली असावी. 'दर शनिवारी इतके' असे ठरवले की पैसे पुढे आणि काम मागे राहते. त्याऐवजी 'पाण्याची चाचणी पार झाल्यावर इतके, फरशी पूर्ण झाल्यावर इतके' असे कागदावर लिहून घेणे आणि शेवटची दहा टक्के रक्कम बारीकसारीक दुरुस्त्या होईपर्यंत राखून ठेवणे, हे जास्त सुरक्षित.

कोणत्या कामाचे पैसे वसूल होतात?

राहण्यासाठी केलेले नूतनीकरण आणि विकण्यासाठी केलेले नूतनीकरण यांत फरक आहे. खरेदीदार आधी गळती, ओल, पाण्याचा दाब, वायरिंग, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर पाहतो. जुने गंजलेले लोखंडी पाइप बदलणे, तांब्याचे वायरिंग आणि विजेचा धक्का टाळणारे सुरक्षा स्विच बसवणे, ओटा आणि न्हाणीघर नवे करणे, खिडक्या सुरळीत सरकणाऱ्या करणे आणि पूर्ण घराला फिकट रंग देणे, ही कामे भावात उतरतात. गळती लपवण्यासाठी ओल्या भिंतीवर रंग मारलेला असेल, तर ते पहिल्याच पावसात उघडे पडते आणि विक्री रखडलेली असेल तर सौदाही मोडतो.

याउलट महागडे नक्षीदार छत, भडक वॉलपेपर, मापानुसार बनवलेले पलंग आणि टीव्हीची भिंत यांवरचा खर्च क्वचितच परत मिळतो. पुढच्या माणसाची आवड वेगळी असते, आणि कित्येकदा तो ते सगळे काढूनच राहायला येतो.

आणखी एक मर्यादा खरेदीदाराच्या बँकेची. मूल्यांकनकार चटई क्षेत्रफळ, परिसर, इमारतीचे वय आणि आसपासचे व्यवहार पाहतो. आतल्या सजावटीला तो फारसे मोल देत नाही. शेजारची सदनिका ८५ लाखांना गेली असेल आणि नूतनीकरण केलेली ९५ लाखांना विकायची असेल, तर बँकेचे मूल्यांकन मध्येच कुठेतरी थांबते. वरची रक्कम खरेदीदाराला स्वतः उभी करावी लागते. चांगले घर पसंत पडूनही सौदे इथे अडतात.

कशाला परवानगी लागते?

रंग, फरशी, प्लास्टर, नळ, दारे-खिडक्या बदलणे अशा किरकोळ दुरुस्त्यांना महापालिकेची परवानगी लागत नाही. सोसायटीला मात्र लेखी कळवावे लागते. अनेक सोसायट्या अनामत रक्कम घेतात आणि राडारोडा उचलल्यावर ती परत करतात. राडारोडा कचराकुंडीत किंवा रस्त्याकडेला टाकल्यास दंड होतो. मुंबईत त्यासाठी महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे.

खांब, तुळया, भार पेलणाऱ्या भिंती यांना हात लावणे, सज्जा खोलीत घेणे, मजल्यावरील न्हाणीघराची जागा बदलणे हे वेगळे प्रकरण आहे. यासाठी संरचना अभियंत्याचा अभिप्राय आणि महापालिकेची मंजुरी हवी. 'आधीच्या मालकाने पण केले होते' हे उत्तर चालत नाही. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या दामोदर पार्क परिसरातील चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावरील नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप त्या वेळी झाला आणि गुन्हा दाखल झाला. जुन्या इमारतीत 'ही भिंत काढली की हॉल मोठा दिसेल' असे सुचवणाऱ्या ठेकेदाराला म्हणूनच आधी लेखी अभिप्राय मागितला पाहिजे.

खरेदीआधी इमारतीचा संरचनात्मक तपासणी अहवाल वाचणेही गरजेचे आहे. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची ही तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा व्हायला हवी. त्याच जोडीला सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते पाहावीत. पुनर्विकासाची चर्चा पुढे गेली असेल, तर आठ लाखांच्या फरशी-ओट्याला कोणी आठ रुपयेही देणार नाही. खरेदीदाराला नव्या इमारतीतील क्षेत्रफळात रस असतो.

घर खूपच स्वस्तात मिळाले तर?

तर आनंदाआधी वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे रेडीरेकनर, पाहावा. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि सरकारी मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारले जाते. शिवाय करारातील किंमत सरकारी मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी असेल, तर फरकाची रक्कम खरेदीदाराचे उत्पन्न समजून त्यावर प्राप्तिकर लागू शकतो. विक्रेत्यालाही सरकारी मूल्य हीच विक्री किंमत धरून कर भरावा लागतो. 'पडेल भावात' मिळालेले घर असे दोन्हीकडून महाग पडू शकते.

'थोडे रोखीत द्या' हा सल्ला तर टाळलेलाच बरा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय खरेदीवेळी रोखीत दिलेली रक्कम पुढे विकताना खर्च म्हणून दाखवता येत नाही आणि नफा कागदावर फुगतो.

खरा बाजारभाव शोधायचा तर दलालाच्या तोंडी आकड्यापेक्षा नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्च सुविधा उपयोगी पडते. त्याच इमारतीतील आधीच्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन तिथे पाहता येते आणि शेजाऱ्याने प्रत्यक्ष कोणत्या किमतीची नोंदणी केली ते कळते. जाहिरातीत लिहिलेली किंमत ही मागणी असते; सूचीतील किंमत म्हणजे झालेला व्यवहार.

नफ्यावर कर कसा लागतो?

घर २४ महिने पूर्ण होण्याआधी विकले, तर नफा अल्पकालीन ठरतो आणि पगारात मिळवून टप्प्यानुसार कर लागतो. २४ महिन्यांनंतर तो दीर्घकालीन होतो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ न घेता १२.५ टक्के दर आहे. त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तींना निर्देशांकासह २० टक्के हा पर्यायही ठेवला आहे. दीर्घकालीन नफा ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या घरात गुंतवला, तर करसवलत मिळते. अल्पकालीन नफ्याला ती नाही.

खरेदीचे मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली आणि घराच्या रचनेत कायमची भर घालणारा खर्च नफ्यातून वजा करता येतो. सुटे फर्निचर, पडदे, किरकोळ डागडुजी यांचा दावा टिकत नाही. त्यामुळे ठेकेदाराची पावती, साहित्याची बिले आणि बँकेतून दिलेल्या रकमांच्या नोंदी सुरुवातीपासून जपाव्या लागतात. गृहकर्जाच्या व्याजाची वजावट एकदा घेतली असेल, तर तेच व्याज पुन्हा घराच्या किमतीत मिळवता येत नाही. कर्जाच्या मुद्दलावर करसवलत घेतली असेल आणि घर पाच वर्षांच्या आत विकले, तर ती सवलत परत करावी लागते.

मुद्रांक सवलतीसाठी पत्नीच्या नावे घर घेताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पैसे पतीचे असतील, तर नफा पतीच्या उत्पन्नात मिळवला जातो. पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात खरेदीदाराने एक टक्का कर कापून सरकारकडे भरायचा असतो, हेही अनेक जण विसरतात.

एकामागून एक घरे घेऊन विकली, तर प्राप्तिकर विभाग त्याला गुंतवणूक न मानता व्यवसाय मानू शकतो. हेतू, व्यवहारांची संख्या आणि घर किती काळ ठेवले, यावर ते ठरते. दुसऱ्या घराच्या वेळीच सनदी लेखापालाला विचारणे त्यामुळे शहाणपणाचे.

नोकरीच्या नियमांत हे बसते का?

खासगी नोकरीत एखादे घर घेऊन विकण्यास सहसा अडचण नसते. मात्र अनेक नियुक्तिपत्रांत अन्य व्यवसायास मनाई करणारे कलम असते. नेहमीचा व्यवहार झाला की ते लागू होऊ शकते. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी नियम अधिक काटेकोर आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार खासगी व्यापारावर निर्बंध आहेत आणि स्थावर मालमत्तेचे व्यवहार सक्षम अधिकाऱ्याला आधी कळवावे लागतात. केंद्रीय कर्मचाऱ्यांनाही अशीच तरतूद लागू आहे.

इतर देशांचा अनुभव काय सांगतो?

अमेरिकेतील झिलो या बड्या कंपनीने संगणकीय अंदाजांच्या आधारे घरे घेऊन, दुरुस्त करून विकण्याचा व्यवसाय सुरू केला होता. भावांचा अंदाज चुकत गेल्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये तो गुंडाळण्याची घोषणा झाली आणि सुमारे एक चतुर्थांश कर्मचारी कमी करण्यात आले. कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून बारा महिन्यांच्या आत विकलेल्या घराचा नफा, काही अपवाद वगळता, व्यावसायिक उत्पन्न ठरवला. सिंगापूरने जुलै २०२५ मध्ये विक्रेत्यावरील मुद्रांक शुल्काचा कालावधी तीनवरून चार वर्षांवर नेला. घाईने घर विकणाऱ्याच्या नफ्यावर सरकारांची नजर सर्वत्र कडक होत आहे.

मग नोकरदारासाठी व्यवहार्य मार्ग कोणता?

ज्या घरात राहायचे आहे तेच जुने घर घेणे, ते टप्प्याटप्प्याने सुधारणे आणि दोन वर्षांनंतर विकणे, हा मार्ग पगारदाराच्या गणितात अधिक बसतो. सध्या २२ हजार रुपये भाडे भरणारे कुटुंब त्या घरात राहायला गेले, तर २४ महिन्यांत ५ लाख २८ हजारांचे भाडे वाचते. व्याज तेच असले तरी त्याच्या बदल्यात राहण्याची सोय होते. नफा दीर्घकालीन होतो, दर कमी होतो आणि दुसरे घर घेतल्यास सवलतही मिळू शकते. कारागिरांना घाई लावावी लागत नाही, न्हाणीघरे राहायला जाण्याआधी आणि सुतारकाम नंतर असे भाग करता येतात. धुळीत राहण्याचा त्रास मात्र कुटुंबाला सोसावा लागतो, आणि मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत तो लहान नसतो.

दुसरे घर घेऊनच हा प्रयोग करायचा असेल, तर टोकन देण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर हवीत. घर वर्षभर विकले गेले नाही, तर दोन्ही घरांचा खर्च पगारातून भागेल का? नोकरी गेली तर सहा महिन्यांचे हप्ते बाजूला आहेत का? आणि विक्री अपेक्षेपेक्षा पाच टक्के कमी भावात झाली तर काय? वरच्या उदाहरणात ९५ लाखांचे घर ९० लाखांना गेले, तर नफा संपून काही हजारांचा तोटा हाती येतो. फिरता व्याजदर असलेले गृहकर्ज मुदतीआधी फेडल्यास वैयक्तिक कर्जदाराला दंड लागत नाही, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

हा तक्ता भरल्यावरही आकडे जमत असतील, तर घर पाहायला जरूर जावे. शक्यतो भर पावसात जावे. भिंती तेव्हाच खरे बोलतात.